माझ्या हातनं वाढलं

मांडवी, रत्नागिरी
९ जानेवारी २०२३

ती. गोदावन्सं यांना,

मालनचा नमस्कार. वर श्री लिहिलेलं नाही, त्यावरून तुम्ही ओळखलं असेलच. तुमचे चुलतभाऊ, माझे यजमान हरिश्चंद्र, १७ डिसेंबरला गेले. फुप्फुसाचं दुखणं होतं. शेवटी फार त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी जवळ होते, मला तसं वाटलं नाही.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते दवाखान्यात. हे म्हणाले, "गोदाला कळव." मी म्हटलं, "कोण गोदा?" मला वाटलं, बोटीवर होते तेव्हाची कोणी असेल. आता या वयात मला सवत निघते की काय! हे हसले, आणि हसताना खोकला आला. मग म्हणाले, "अगो, माझी चुलत बहीण. अंजनवेलच्या पुढे कड्यावर घर आहे. दोघी बहिणी राहतात. त्या घरचं कोणी खात नाही." पुढे विचारलं तर तोंड भिंतीकडे केलं.

खात नाही म्हणजे काय, ते मला कळलेलं नाही. पण कळवायला सांगितलं होतं, म्हणून कळवते. उशीर झाला, माफ करा. बाकीच्यांना फोन केले. तुमचा नंबर कुणाकडेच नव्हता.

तुमची,
मालन


कड्यावरचं घर, अंजनवेल
२१ जानेवारी २०२३

मालनवहिनींना,

गोदाचा नमस्कार. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं तर तीन दिवस सुतक धरतात, तसं आम्ही दोघींनी धरलं. देवापुढे दिवा लावला नाही. आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं, पण हरिदादा आमचा होता.

या घरात माणसाच्या नावाने पत्र आलं त्याला किती काळ झाला, आठवत नाही. विजेचं बिल येतं, तेही अजून बाबांच्या नावाने. पोस्टमन फाटकावरच्या डब्यात टाकून जातो. चांगला मुलगा आहे, पण पाणी दिलं तर तहान नाही म्हणतो. मे महिन्यातही.

दादा लहानपणी यायचा तेव्हा घराला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या. पुढे बाबांचा गावकीशी वाद झाला. त्या शिमग्याला पालखी सगळ्यांच्या घरी गेली, आमच्या दारी आली नाही. बाबांनी गडी बोलावून गावाकडच्या सगळ्या खिडक्या चिऱ्यांनी बुजवल्या. म्हणाले, "वाट बघायलाच नको." तेव्हापासून घर फक्त समुद्राकडे बघतं. कलत्या उन्हात सगळं घर आतून पेटल्यासारखं दिसतं, आणि पावसाळ्यात खाली लाटा आपटल्या की मांडणीवरची भांडी वाजतात. तुम्ही घाबराल. आम्हाला त्याशिवाय झोप येत नाही.

दादाला शेवटी काय खावंसं वाटत होतं? हे गंगा विचारते, माझी धाकटी बहीण. ती खाण्यापिण्यापलीकडचं फारसं बोलत नाही. घरात तीच रांधते, आणि तिच्या हाताला चव आहे. ताट वाढून समोर बसते आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहते. मी डोळे मिटून घास घेते. मग ती स्वतःचं वाढून घेते.

मोबाईल आम्ही घेतला नाही. कोण करणार?

गोदा


मांडवी
११ फेब्रुवारी २०२३

ती. गोदावन्सं यांना,

ह्यांना शेवटी पेज आणि भाजलेला सुका बांगडा हवा होता. डॉक्टरांनी नको म्हटलं, मी दिला. गंगावन्संना सांगा.

तुमचं पत्र मी माळ्यावरच्या खिडकीत बसून वाचलं. तिथून समुद्र दिसतो, पण तुमच्या पत्रातला समुद्र आणि हा एक नाही. डोळे मिटून घास घेता हे वाचून बरं वाटलं. आमची आजी असंच अन्नाला नमस्कार करून जेवायची. आता कोण करतं?

हे सहा-सहा, आठ-आठ महिने बोटीवर असायचे, त्यामुळे या घराला त्यांच्या नसण्याची सवय आहे. मलाच नाही. अजून वाटतं बोटीवरच आहेत, फक्त यंदा फोन लागत नाही.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन आपलं आपण. आधी वाण्याच्या पुड्यांचे कागद, मग वाचनालय. ह्यांच्यामागे मला पुस्तकांनीच सांभाळलं. तुम्ही लिहिता त्यावरून वाटतं, तुम्हीही वाचत असाल. म्हणून एक पुस्तक पाठवते. रद्दीत मिळालं, पहिली पानं गेलेली आहेत, त्यामुळे नाव माहीत नाही. परदेशातली गोष्ट आहे, कोणी तरी मराठी केलेली. दलदलीच्या मधोमध एक मोठं घर, त्यात बाप आणि तीन मुलं. येण्याजाण्याचा पूल बापाने स्वतःच तोडून टाकलेला. रोज संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्त मांडतात. कुणासाठी, ते कोणी बोलत नाही. मी वाचत असताना कढईतलं तेल जळून धूर झाला, तरी मला कळलं नाही. शेजारची हौसा ओरडत आली, "मालन, घर पेटलं काय गो?"

तुम्हाला असं पुस्तक पाठवावं की नाही, याचा विचार केला. मग म्हटलं, माझ्यासारखी बाई विचार करत बसली तर पुस्तक जाणारच नाही.

मालन


कड्यावरचं घर, अंजनवेल
१९ मार्च २०२३

मालनवहिनींना,

पुस्तक वाचलं, आणि गंगेला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला ती दलदल फार आवडली. म्हणाली, "तिथे कमळं असतील."

लेखकाने दारं फार करकरवली आहेत. असल्या घरात तो कधी राहिलेला नाही. आमची दारं करकरत नाहीत, गंगा बिजागऱ्यांत खोबरेल घालते. आणि भीती अंधाराची नसते, वहिनी. भीती वाटते ती सकाळी, फाटकाशी कुणाची सायकल थांबली की.

पण एक गोष्ट त्याला कळली आहे. ते जास्तीचं ताट बापाच्या हुकमाने मांडतात असं मुलांना वाटतं, आणि मुलांना हवं म्हणून मांडतात असं बापाला वाटतं. एकाने जरी विचारलं असतं तरी पहिल्या प्रकरणात गोष्ट संपली असती. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना विचारत नाहीत. हे त्याने कुठे पाहिलं, कोण जाणे.

गंगा म्हणते, वहिनीला जेवायला बोलाव. तिने असं कधी कुणाला म्हटलेलं नाही. आंबे उतरायला लागले की ठेकेदाराची माणसं येतात, त्याआधी या. तुम्हाला आमच्याबद्दल कोणी काही सांगितलं असेल आणि आला नाहीत, तरी मी समजून घेईन.

गोदा


मांडवी
९ एप्रिल २०२३

ती. गोदावन्सं यांना,

मी येऊन गेले. तुमच्या फाटकापर्यंत आले नाही. सरळ सांगते.

गुरुवारी तुमच्याकडे जेवायला म्हणूनच निघाले. अंजनवेलला ह्यांचे लांबचे भाऊ सखारामभाऊजी आहेत, त्यांना वाट विचारली. ते ओटीवरून उठूनच उभे राहिले. "अगो वैनी, त्या घरचं पाणीसुद्धा नको हां. हरी बोलला नाय काय तुला?" मी म्हटलं, तुम्ही बोला.

त्यांनी सांगितलं ते असं. १९९१च्या श्रावणात त्या घरात जेवण झालं आणि चार दिवसांत तुमचे बाबा, आई आणि भाऊ रघू, तिघं गेले. तुम्ही तेव्हा रत्नागिरीत बालवाडीत शिकवायचात, माझ्या सासूबाईंकडे राहून. घरात जेवली नाही ती एकटी गंगा, सोळा वर्षांची. पोलीसपाटलांनी विचारलं, आईचं काय झालं, तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आईचं माझ्या हातनं वाढलं." मग वर्षभर तिने तोंडच उघडलं नाही. डॉक्टरांना विष सापडलं, कसलं ते सांगता आलं नाही. कोर्टाने पुराव्याअभावी सोडलं. गावाने सोडलं नाही.

तिथून मी गोपाळगडाच्या तटावर चढले आणि तुमचं घर पाहिलं. गावाकडे सगळी लाल भिंत, एक खिडकी नाही. पलीकडे नुसतं पाणी, आकाशापर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी येत नाही तसा आला. मग अंगणात दोघी दिसल्या. एक पायरीवर बसलेली आणि दुसरी तिच्या डोक्याला तेल लावत होती, आपण लहान मुलीला लावतो तसं, मान हाताने धरून. कोण कुठली ते एवढ्या लांबून कळलं नाही. मी बघत राहिले. मग उतरले आणि परतीची गाडी धरली. 

तेव्हापासून तुम्ही डोळे मिटून घेता तो घास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी त्याला नमस्कार समजले होते. गोदावन्सं, तुम्हालाही तेच वाटतं का, जे गावाला वाटतं? तुम्ही गंगावन्संना कधी विचारलंत?

मालन


कड्यावरचं घर, अंजनवेल
२० एप्रिल २०२३

मालनवहिनींना,

तिने तुमच्यासाठी त्या गुरुवारी फणसाची भाजी केली होती. तुम्ही येणार हे तुम्ही कळवलं नव्हतं. ती रोजच करत होती, आलात तर असावी म्हणून.

ती काय बोलली ते मला माहीत आहे. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा गावातल्या प्रत्येक तोंडाने मला तेच वाक्य ऐकवलं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, तिला सोड, आमच्याकडे राहा, तुझं लग्न लावून देते. मी ट्रंक घेऊन इकडे परत आले. ती चुलीपाशी बसली होती. मला बघून उठली, भात टाकला, ताट वाढलं आणि समोर बसली. मी जेवले.

त्या दिवशी विचारलं नाही. मग विचारायचा दिवस राहिला नाही. ती हो म्हणाली असती, तर दुसऱ्या दिवशी मी कुठे जेवणार होते? आणि तिला कोण जेवू घालणार होतं?

पुस्तकाबद्दल आभार. ते परत पाठवते आहे. आता पत्र लिहू नका.

गोदा


मांडवी
६ मे २०२३

ती. गोदावन्सं यांना,

नको म्हणालात तरी हे एक लिहिते. यानंतर तुम्ही म्हणाल तसं.

सखारामभाऊजींनी सांगितलेलं ते वाक्य मी रोज मनात घोळवते आहे. मला चांगलं पुस्तक मिळालं की एखादं वाक्य असं अडकतं. "आईचं माझ्या हातनं वाढलं." भाजी निवडताना तेच, अंथरुणावर पडल्यावर तेच.

आपण आईला वाढलं म्हणतो. आईला भात वाढला. आईचं वाढलं असं जेवणाबद्दल कोण म्हणतं? आणि जेवले तिघं ना? बाप, भाऊ, आई. मग ती मुलगी एकट्या आईचं नाव का घेते?

डिसेंबरात, हे गेले तेव्हा, माझ्या गळ्यातलं काढायला हौसा आली होती. तिला गाठ सुटेना, शेवटी दोरा तुटला. ती रडत म्हणाली, "मालन, माझ्या हातनं वाढलं गो." बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, मंगळसूत्र तुटलं असंही म्हणत नाही. तुटलं हा शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून वाढलं म्हणतो. ते वाक्य माझ्या गळ्याशी बोललं गेलं आहे, म्हणून मला ओळखू आलं. नाहीतर मीही गावासारखंच ऐकलं असतं.

मला एकच माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. त्या घरात आधी कोण गेलं? तुमचे बाबा, की आई?

मी चुकत असेन. चुकत असेन तर तुमच्या हातात आहे तेही मी घालवीन, हे मला कळतं. चार दिवस हे पत्र लिहून ठेवलं होतं. तरी विचारा.

मालन


कड्यावरचं घर, अंजनवेल
३ सप्टेंबर २०२३

मालनवहिनींना,

तुमचं पत्र मी मे महिन्यात वाचलं आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. यंदा श्रावण दोनदा आला. अधिकात हिंमत झाली नाही. काल निजात विचारलं.

बाबा पहाटे गेले होते, आई दुपारी. हे मला पंचनाम्याच्या दिवसापासून माहीत आहे. आणि तिचं वाक्यही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या, वहिनी. मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत.

गंगा भारंगी निवडत होती. बाहेर पाऊस, खाली लाटा. मी म्हटलं, "गंगे, त्या दिवशी आईचं काय वाढलं तुझ्या हातनं?"

ती म्हणाली, "काय म्हणजे? पोत. तुला ठाऊक आहे की."

मी म्हटलं, "मला नाही ठाऊक. सांग."

तिने सांगितलं. मान वर न करता, पानं खुडत. बाबांनी रविवारी सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, अळंबी आणली होती. श्रावणात मासळी नाही म्हणून सगळे खूश. हिला लहानपणापासून अळंबीची किळस. भुईतून पांढरं काही वर आलेलं तिला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी तिघं पडली. ही पावसात गावात धावली. आम्ही वाळीत, कोणी दार उघडलं नाही. रघू गेला. बुधवारी पहाटे बाबा गेले. आई म्हणाली, "माझं वाढवायला इथे कोणी येणार नाही. तूच वाढव." ही नको म्हणाली. आईने तिचा हात धरून गळ्यातल्या काळ्या पोतीवर ठेवला. हिने ओढली, मणी घरभर झाले, दुपारी आईने मान टाकली. हिला वाटलं, आपण ओढली म्हणून आई गेली. पोलीसपाटलांनी विचारलं, तेव्हा जे वाटत होतं ते तिने सांगितलं.

मी म्हटलं, "हे तू कुणालाच कसं सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलंन?" ती म्हणाली. "आणि तू आलीस, काही न बोलता जेवलीस. मला वाटलं, ताईला सगळं कळलं आणि तिने पोटात घातलं."

मग तिचे हात थांबले. "ताई, तुला काय वाटत होतं?"

वहिनी, मी खोटं बोलू शकले असते. पण मी गप्प राहिले, आणि तेवढ्यात तिला समजलं. ती म्हणाली, "मी विष घातलं असं तुला वाटायचं? आणि तू माझ्या हातचं जेवत होतीस? रोज?"

"रोज."

"भीती नाही वाटली?"

"घास घेईपर्यंत वाटायची."

"आणि मग?"

"मग भूक लागलेली असायची."

ती उठली. मला वाटलं रडेल. तिने भारंगीची टोपली माझ्या मांडीवर आपटली आणि म्हणाली, "मी बघत बसायचे मीठ बरोबर झालंय का म्हणून, आणि तू मरायला बसायचीस!" आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आज सकाळी तिने पेज केली, फक्त स्वतःपुरती. माझ्याशी बोलत नाही. मी भात टाकला तो खाली लागला. ती दारातून म्हणाली, "करपला," आणि गेली. बत्तीस वर्षांत आमचं कधी भांडण झालेलं नव्हतं. विष घालणाऱ्या माणसाशी कोण भांडतं? आणि ज्याने आपल्याला क्षमा केली त्याच्याशी तरी कोण भांडतं? आम्ही दोघी एकमेकींना फार जपून वागवत आलो. आता ती भांडी आदळते आहे. मला ते ऐकत बसावंसं वाटतं.

गावाला सांगायचं का, असं तुम्ही विचाराल. काल मी दाराबाहेरून तेच विचारलं, तर ती आतून एवढंच म्हणाली, गावाचं मला काय, तू माझी बहीण होतीस. यावर मी तिला काय म्हणू, ते तुम्हीच कळवा.

गोदा


मांडवी
११ सप्टेंबर २०२३

ती. गोदावन्सं यांना,

तुमचं पत्र वाचून मी माळ्यावरच बसून राहिले. खालून हौसा हाक मारत होती, "मालन, हायस काय?" मी पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.

मी पुष्कळ वाचलं आहे. ओसाड घरं, विषं, कोंडलेल्या बायका, सगळं वाचलं. पण मरायला तयार होऊन रोज बहिणीच्या ताटावर बसणारी बाई मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. आणि तिला मीठ बरोबर लागतंय का, एवढीच काळजी असलेली दुसरी. गडावरून तुमचं घर बघताना मला काटा आला होता तो भीतीचा आहे असं मी समजले होते. ती भीती नव्हती. ते काय होतं, याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

गंगावन्संना सांगा, रागावणं बरोबर आहे. तुम्हीही लगेच मनवायला जाऊ नका. एवढ्या वर्षांचं आहे, चार दिवसांत कसं संपेल? भांडा सावकाश.

मी शुक्रवारी येते. मागच्यासारखं नाही, तुमच्या फाटकातून आत येते. कोणी रांधायचं ते तुम्ही दोघी ठरवा. दोघींनी वेगवेगळं रांधलं तरी चालेल, मी दोन्हीकडचं जेवेन. पहाटेच्या गाडीने निघणार आहे. वाटेत काही खाणार नाही.

तुमची,
मालन